डब्याच्या मागची भिंत

त्या बाईला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी ही रडेल आणि जाऊ दे, झालं गेलं, म्हणेल अशी वाट कुणी बघायला नको. मला लिहायची सवय नाही, आठवीत शाळा सुटली, पण हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की लिहिल्याशिवाय निघणार नाही. आणि खरं सांगू, निघावं असं वाटत पण नाही.

आम्ही शारजात राहायचो, एका फ्लॅटच्या अर्ध्या हॉलमध्ये. मोठा हॉल होता, मधे जिप्सम बोर्डाची भिंत घातलेली, पलीकडच्या अर्ध्यात फ्लॅटवाल्या ताई, त्यांचे मिस्टर आणि शाळेत जाणारी मुलगी, आणि अलीकडच्या अर्ध्यात मी, आमचे हे आणि पिल्लू. पिल्लू म्हणजे माझी मुलगी, तेव्हा रांगत पण नव्हती. हे हमरिया फ्री झोनमध्ये फिटर, पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी ट्रॅफिकमधून अर्धमेले होऊन परत. लग्नानंतर दोन वर्षं हे कंपनीच्या कॅम्पात कामगारांबरोबर राहिले आणि मी गावाला, मधे एक सुट्टी सोडली तर फोनवरच संसार. मग एकदाचा फॅमिली व्हिसा झाला आणि मी पिल्लूला घेऊन आले. तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "आपलीच मराठी माणसं आहात, आपल्या घरात राहा." आपलं घर! आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, वॉचमननं विचारलं तर म्हणायचं मी ताईंची मावसबहीण. कारण असं पार्टिशन घालून दुसरं कुटुंब ठेवायला तिथं परवानगी नसते. गुन्हा त्यांचा, पण भीती आम्हाला घातली. "इन्स्पेक्शन आलं ना, तर आधी तुमचं सामान खाली जाईल हं." बेल वाजली की मी पिल्लूच्या तोंडावर हात ठेवून बसायची. अजून कुठं बेल वाजली की माझा हात आपोआप वर जातो.

आता डब्याचं सांगते. एसी सगळ्या हॉलला एकच, वर छतातून येणारा, आणि तो चालू-बंद करायचा डबा भिंतीवर. ताई त्याला थर्मोस्टॅट म्हणायच्या, मी डबाच म्हणते. तो डबा जिथं गारवा मोजेल तसा एसी चालतो. पार्टिशन घातलं तेव्हा डबा आमच्या बाजूला यायला लागला. भाडेकरूच्या हातात एसी कसा द्यायचा? मग ताईंनी तो काढून नव्या बोर्डाच्या भिंतीवर स्वतःच्या बाजूला बसवून घेतला, वर पारदर्शक प्लास्टिकची पेटी लावली, पेटीला कुलूप, आणि किल्ली ऑफिसच्या कार्डाबरोबर गळ्यात. वायर त्यांच्या हॉलमध्ये दिसली असती तर शो गेला असता, म्हणून भिंतीला भोक पाडून वायर आमच्या बाजूनं वर नेली. हे त्यांनीच मला मिरवून सांगितलं, "बघ, इकडून एक वायर दिसत नाही." इकडं आमच्याकडं वायर लोंबत होती आणि तिच्या भोकात कागदाचा बोळा कोंबलेला.

एसीच्या जाळ्या दोन. एक त्यांच्याकडं, एक आमच्याकडं, आणि आमची बरोबर पलंगाच्या वर. पलंग हलवायला जागाच नव्हती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पलंग, एक कपाट, आणि पार्टिशनच्या कडेला जेमतेम चालायची पट्टी. त्यांच्या हॉलला पश्चिमेचं ऊन, काचेची मोठी खिडकी. आमची खिडकी शाफ्टमध्ये उघडायची, समोर पाइप आणि कबुतरं. त्यांच्याकडं उन्हानं डबा तापायचा, आणि तो थंड होईपर्यंत माझ्या पोरीच्या डोक्यावर बर्फाचा वारा. ती कुडकुडायची, नाक लाल, मग खोकला, आणि खोकता खोकता दूध उलटायची.

मी ताईंना सांगायला गेले. अंगावर चादर घेऊनच गेले, इतकं गार.

"ताई, एसी जरा कमी कराल का? पिल्लूला खोकला लागलाय."

"अगं, किती कमी करू? चोवीसवर आहे. ये, बघ इकडे. काय लिहिलंय?"

"चोवीस."

"मग? आकडा खोटं बोलतो का? तुला एसीची सवय नाहीये, बाकी काही नाही. स्वेटर घाल तिला."

त्यांची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, व्हाय इज शी वेअरिंग अ बेडशीट?" आणि ताई हसल्या. जून महिना होता. खाली रस्त्यावर चप्पल डांबराला चिकटायची, आणि मी पोरीला गावाकडनं आणलेलं लोकरीचं टोपडं बांधून बसलेली.

मी जाळीवर पुठ्ठा लावला, दुधाच्या खोक्याचा, चिकटपट्टीनं. संध्याकाळी ताईंनी स्टुलावर चढून स्वतः काढला. "डक्टवर प्रेशर येतं. मशीन गेलं तर तू भरणार आहेस का?" आणि दारातून जाता जाता, "जमत नसेल तर सोडा बाबा रूम. दहा जण लाइनमध्ये आहेत."

क्लिनिकमध्ये डॉक्टरीण बाई होत्या, हिंदीत बोलल्या, "बच्ची को सीधी ठंडी हवा से दूर रखो, छाती भरी है." हे बाहेर आले, पिल्लूला खांद्यावर घेऊन पार्किंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "तुझं तिकीट काढू का? थंडीपर्यंत गावाला राहा. पोर बरी होईल."

थंडीपर्यंत म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या आळीतल्या एकीला असंच थोडे दिवस म्हणून परत पाठवलं होतं, तिचा पोरगा आता तिसरीत आहे आणि बापाला मोबाईलमध्ये ओळखतो. मी म्हणलं, "मला थोडे दिवस द्या. मी करते काहीतरी." काय करणार होते देव जाणे.

ह्यांनी मग कंपनीच्या स्टोअरमधून एक हीटर आणला. साइटच्या केबिनसाठी कधी मागवलेला, कुणी खोकं पण फोडलं नव्हतं, फोरमन म्हणाला ने बाबा, इथं कोण वापरणार. लांबडा, बुटका, भिंतीच्या पायथ्याशी ठेवायचा, एक-दोन-तीन असं बटण. खोक्यावर चित्र होतं: मोठी खिडकी, बाहेर बर्फ पडतोय, खिडकीखाली हीटर आणि गालिच्यावर गोरं बाळ खेळतंय. मी ते चित्र किती वेळ बघत बसले. त्यांच्याकडं गारवा खिडकीतून येतो म्हणून हीटर खिडकीखाली. आमची खिडकी गरम, गारवा छतातून, आणि खिडकीखाली पलंग. चादर पेटेल म्हणून पलंगाजवळ तर ठेवायचा नाही. मग राहिली पार्टिशनची पट्टी. प्लग पण तिथंच. तिथं भिंतीला लावून ठेवला, लोंबणाऱ्या वायरच्या बरोबर खाली. दुसरीकडं ठेवायला जागा होती कुठं?

शारजात जुलैमध्ये हीटर! हे म्हणाले, "कुणाला सांगू नको, वेड्यात काढतील."

आणि मग जे झालं त्यानं मी खरंच वेडी व्हायची राहिले. हीटर लावला की खोली जास्त गार व्हायची. एकवर लावला, जाळीतून वारा जोरात. दोनवर केला, वारा थांबेचना. तीनवर केला तर आधी एसी मधे मधे बंद तरी व्हायचा, आता एकसारखा घों घों. पाय भाजतायत आणि डोकं गोठतंय. पिल्लूला मांडीवर घेऊन हीटरपाशी बसायची तर वरून वारा तिच्या टाळूवर. मला वाटलं काहीतरी बाधा आहे. आईला फोन केला, आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगितल्या, ते पण केलं. पलीकडं ताई खूश. "आता कसं छान गार होतं ना? सर्व्हिसिंग करून घेतल्याचा फायदा."

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. पिल्लू खोकून खोकून झोपलेलं. मी हीटरचा प्लग काढायला वाकले आणि माझा हात भिंतीला लागला. भिंत गरम. नुसती गरम नाही, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी. हात वर वर सरकवला, वायरच्या भोकापर्यंत गरम, आणि कागदाचा बोळा सुकून पिवळा पडलेला, बोट लावलं तर गळूनच पडला. हीटरची गरम हवा सरळ त्या भोकात चाललेली. मी प्लग काढला आणि तिथंच फरशीवर बसले. बऱ्याच वेळानं भिंतीच्या आतून आवाज आला, टक्. आणि डोक्यावरचा वारा थांबला.

मी परत प्लग लावला. थोड्या वेळानं टक्. वारा सुरू.

परत काढला. टक्. बंद.

माझं काळीज असं उडायला लागलं की मला वाटलं पिल्लू त्यानंच जागं होईल. ताई नसताना त्यांच्या बाजूला जायचं नाही असा नियम होता. मी हीटर लावून ठेवला आणि गेले. चोरासारखी, चप्पल हातात घेऊन. पेटीच्या प्लास्टिकमधून बघितलं, डबा सांगतोय सत्तावीस. आणि माझ्या खोलीत श्वासाची वाफ दिसेल इतकं गार.

तेव्हा मला आमची पोल्ट्री आठवली. वडिलांनी कंपनीची पिल्लं घेतली होती, पत्र्याचं गोल कडं, मधे बल्ब, आणि कंपनीच्या साहेबानं थर्मामीटर नेमका बल्बच्या शेजारी टांगलेला. पारा अगदी बरोबर, साहेब खूश, आणि सकाळी बघतो तर पिल्लं कडेला एकावर एक ढीग करून बसलेली, खालची मेलेली. वडील मला म्हणाले होते, "पारा बघू नको. पिल्लं कुठं बसल्यात ते बघ. पाऱ्याला फक्त तो टांगलाय तिथलं कळतं." ते वाक्य मला परक्या मुलखात, परक्या हॉलमध्ये, हातात चप्पल असताना आठवलं आणि मी हसले. त्या घरात पहिल्यांदा हसले. किल्ली गळ्यात घालून फिरणाऱ्या बाईनं डबा आपल्याकडं ठेवला आणि त्याचा कान माझ्याकडं दिला होता.

हीटर मी पलंगाखाली सारला. म्हणलं, हीटरनं डबा तापतो म्हणून एसी पळतो, तर डबा गार केला तर?

फ्रीजमध्ये वरचा अर्धा कप्पा आमचा. पाण्याच्या छोट्या बाटल्या भरून गोठवल्या. ताईंनी लगेच विचारलं, "एवढा बर्फ कशाला गं?" मी म्हणलं, "ह्यांना कामावर न्यायला, ताई. शेडमध्ये लई उकडतं." खोटं पण नव्हतं, दोन बाटल्या हे न्यायचेच. तिसरी मी पिल्लूच्या जुन्या लंगोटात गुंडाळायची आणि वायरशेजारच्या खिळ्याला लटकवायची, भोकाला टेकवून, वरून कॅलेंडर. थोड्याच वेळात टक्. वारा बंद. बाटली वितळली की आपोआप सुरू. असं मी जपून, बेताबेतानं करायची, पलीकडं कळू नये इतकंच. पिल्लू झोपायला लागलं. खोकला उतरला. टोपडं सुटलं. मला वाटलं झालं, आता कुणी आम्हाला हलवत नाही.

मी तिथंच थांबले असते. खरंच थांबले असते. पण बोर्डाची भिंत पातळ, आणि मला पण कान आहेत.

हे संध्याकाळी त्यांच्याकडं वॉशिंग मशीनच्या मोटरचं काहीतरी बघायला गेले होते. ताईंचा आवाज, गोड, सायीसारखा. "अरे, तिला पाठव ना गावाला. पोर सारखं आजारी, रडतं, मला मीटिंग घेता येत नाही. तू एकटा राहा, मी काय नाही म्हणतेय? पलीकडे दोन बेड टाकते, अजून एक मुलगा घेऊ. गणपतीपर्यंत कर एवढं."

आणि आमचे हे म्हणाले, "बघतो, ताई."

बघतो! नाही म्हणाले नाहीत. पिल्लू माझ्या मांडीवर जिभेनं बुडबुडे काढत होतं, बरी झालेली पोर, आणि पलीकडं तिच्या बापाचं आणि तिचं नातं बेडच्या हिशोबात चाललेलं. घाबरलेच होते ना, बोलणार काय. पण त्या दिवशी माझ्या भीतीला दात फुटले.

मग ताईंकडं मंगळागौर ठरली. त्यांची धाकटी जाऊ नवी नवरी, बर दुबईत राहायला आलेली, तिची पहिली मंगळागौर. मंगळवारी ऑफिस, म्हणून रविवारी दुपारी. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून पत्री आणली, फुलांच्या माळा आणल्या, मीना बाजारातून सगळ्यांना एकसारखी ओटीची कापडं. मिस्टरांना आणि ह्यांना दिवसभर बाहेर धाडलं. आणि आदल्या दिवशी ताई माझ्या दारात.

"उद्या जरा मदत कर हं. आणि कुणी विचारलं तर सांग, मदतीला येते. राहते वगैरे म्हणू नकोस."

"आणि पिल्लू?"

"आत झोपव ना. दार लावून घे. मी एसी अगदी अठरावर ठेवणारे, बायका नऊवारी नेसून नाचणार. तिला गुंडाळ नीट. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

एक दिवसाचा प्रश्न. अठरावर. बंद दाराच्या आत. आत्ता कुठं बरी झालेल्या पोरीला. मी म्हणलं, "बरं, ताई."

त्या रात्री मी आमच्या कप्प्यातल्या सगळ्या बाटल्या भरून ठेवल्या.

रविवारी बायका आल्या. काय थाट! शिवलेल्या नऊवारी, नथी, ठुशा, केसांत भरगच्च गजरे, चेहऱ्यावर मेकअप. मी साधी साडी नेसून पाणी देत होते. एक वयस्कर काकू होत्या, त्यांनी मला विचारलं, "तू कुठली गं?" मी ताईंकडं बघितलं. ताई पटकन म्हणाल्या, "मदतीला असते ती." काकू "हो का" म्हणाल्या आणि पन्ह्याचा ग्लास माझ्या हातात परत दिला.

पूजा झाली. खेळ सुरू व्हायच्या आधी मी "बाळ बघून येते" असं पुटपुटत आत गेले. पिल्लूला नुसतं झबलं घातलं, छोटा पंखा भिंतीकडं तोंड करून लावला, बर्फाची गार हवा भोकात जावी म्हणून. कॅलेंडर काढलं. लंगोटात गुंडाळलेल्या बाटल्या भोकाला टेकवल्या, एक वर, एक खाली, घाईत एक तर पायावर पडली. टक्. इतक्या बायकांच्या गोंगाटात तो आवाज फक्त मला ऐकू आला.

मग मी हॉलमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. बघायला.

आधी कुणाला कळलं नाही. फुगड्या रंगात आलेल्या. मग एक थांबली, पदरानं वारा घ्यायला लागली. पश्चिमेचं ऊन काचेतून आत आलेलं, ऑगस्टचं ऊन, आणि खोलीभर बायका. झिम्मा सुरू झाला आणि दोन फेऱ्यांत बंद पडला. एकीची टिकली घसरून नाकावर. नव्या नवरीचं काजळ गालावर उतरलं, बिचारी, तिच्याशी माझं काही वैर नव्हतं, पण मी डोळे फिरवले नाहीत. गौरीवरची फुलं माना टाकायला लागली.

"अगं, एसी बंद आहे का?" कुणीतरी विचारलं.

"छे, अठरावर आहे," ताई म्हणाल्या. गळ्यातली किल्ली काढली, पेटी उघडली, बटणं दाबली. परत दाबली. डब्याच्या छातीवर थापा मारल्या.

ताईंची मुलगी ओरडली, "मम्मा, आय ॲम डाइंग! इट्स लाइक अॅन अव्हन!"

"काय दाखवतोय तो?" काकूंनी विचारलं.

ताई बघतच राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सतरा."

सगळ्या बायका हसायला लागल्या. "सतरा? मग आम्हाला काय ताप आलाय का?" "अहो, दुबईचं सतरा वेगळं, शारजाचं वेगळं!" "वहिनी, आम्हाला पापड म्हणून वाळत घातलंत की काय?" हसता हसता एकेक जण पर्स शोधायला लागली. ताईंचा चेहरा लाल, मेकअप ओघळलेला, पेटीचं झाकण हातात. त्या सगळ्यांकडं बघत होत्या, माझ्याकडं सोडून. मग माझ्याकडं बघितलं.

आणि मी बोलले. सगळ्यांच्या देखत बोलले.

"ताई, आकडा खोटं बोलतो का? तुम्हाला सवय नसेल."

तेवढ्यात आत पिल्लू रडलं. नेहमीसारखं खोकून नाही, झोप झालेलं पोर उठून हाक मारतं तसं, खणखणीत. काकूंनी मान वळवली. "हे बाळ कुणाचं?"

"माझं," मी म्हणलं. "आम्ही इथंच राहतो, ह्या भिंतीपलीकडं. ताईंना विचारा." आणि आत गेले, पिल्लूला घेऊन बाहेर आले, झबल्यावरच, कडेवर घेऊन त्यांच्या मधोमध उभी राहिले. मनात म्हणलं, आता होऊ दे काय व्हायचं ते. सामान खाली जाईल तर जाऊ दे.

बायका लवकरच गेल्या. ओट्या घाईघाईत भरल्या. दाराशी काकू ताईंना काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही, पण ताईंची मान खाली होती आणि ती मी पोटभर बघून घेतली. मधल्या काळात मी बाटल्या काढून, पाणी मोरीत ओतून, कॅलेंडर जागेवर लावलं होतं. त्यामुळं शेवटची बाई लिफ्टमध्ये शिरली आणि एसी सुरू झाला. घों घों. ताई हॉलच्या मधोमध एकट्या उभ्या, गार वाऱ्यात, पायाखाली तुडवलेली पत्री.

त्या माझ्या दारात आल्या. "तू काहीतरी केलंयस."

"मी काय करणार, ताई? मी आठवी. डबा तुमच्याकडं, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या गळ्यात."

"मी एसीवाल्याला बोलावणारे."

"बोलवा की."

बोलावला. त्यानं डबा उघडला, झटकला, बंद केला. "मॅडम, थर्मोस्टॅट ओके, मशीन ओके. खलास." आणि गेला. आमच्या बाजूला कुणी त्याला आणलंच नाही. माझी खोली दाखवायची ताईंना लाज वाटली असणार, पार्टिशनची भीती तर त्यांना पण होती.

संध्याकाळी त्या परत दारात. ह्या वेळी आत आल्या नाहीत, उंबऱ्याशीच. मी पिल्लूला थोपटत होते. मीच बोलले, त्यांच्याकडं न बघता. "ताई, मला एवढंच कळतं. पिल्लू नीट झोपलं ना, की ह्या घरातला एसी नीट चालतो. ती गावाला गेली तर कसा चालेल, मला नाही सांगता येणार. आणि आता तर तुमच्याकडं गणपती बसणार. माणसं येणार."

माझा आवाज कापत होता. तिला वाटलं असेल रागानं कापतोय. भीतीनं कापत होता, पण ते तिला कशाला सांगू.

शिकलेली बाई, पुण्याची, इंग्रजीत मीटिंगा घेणारी, ती पिल्लूकडं असं बघायला लागली जसं गावातल्या बाया पिंपळाकडं बघतात. मग म्हणाली, "किती ठेवू?"

"सव्वीस. आणि जाळीला पुठ्ठा लावणार मी."

"लाव." वळता वळता, "आणि त्याला सांग, तिकिटाची घाई नको."

पुढं आम्ही तिथं वर्षभर राहिलो, पिल्लू त्याच पट्टीत चालायला शिकलं, त्याच भिंतीला धरून. मग ह्यांची शिफ्ट बदलली आणि आम्ही दुसऱ्या बिल्डिंगमध्ये छोटी खोली घेतली, सगळी आमची, डबा पण आमचा. तो आतल्या भिंतीवर आहे, उन्हापासून लांब, पिल्लूच्या अंथरुणाजवळच. मी पहिल्या दिवशी हात फिरवून बघितलं, मागं भोक आहे का. बाटल्यांचं मी ह्यांना कधी सांगितलं नाही. त्यांचा तो "बघतो" माझ्या लक्षात आहे. आता हे वाचतील तेव्हा कळेल.

निघताना ताई म्हणाल्या की आता भाडेकरू नकोत बाई, ह्या बाजूला त्या स्वतःचं ऑफिस करणार, टेबल टाकणार, घरून काम करणार. टेबल कुठं? जाळीखाली, दुसरी जागाच नाही, आणि पुठ्ठा मी काढलेला. मी पलंगाखालून हीटर काढला, फडक्यानं पुसला, आणि त्यांना दिला.

"राहू द्या, ताई. बसून बसून गार वाजतं. तिथं पार्टिशनला लावून ठेवा, वायरखाली. प्लग तिथंच आहे."

"अगं, किती करतेस!" त्यांचे डोळे जरा ओले झाले.

परवा त्यांचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, पिल्लू पायाशी पिठाचा उंदीर करत बसलेलं. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाल्या, "अगं, तो हीटर बिघडलाय का बघ ना. लावला तरी फरक नाही, उलट जास्तच गार होतं. माझी पाठ धरलीये, सर्दी हटत नाही. एसीवाला म्हणतो सगळं ओके. डब्यावर तर सव्वीस-सत्तावीस दाखवतं, आणि बंद केला तर हॉल तापतो!"

"कुठं ठेवलाय हीटर?"

"तू म्हणालीस तिथेच."

फोनमधून मला मागचा आवाज ओळखू आला. घों घों. न थांबणारा.

"किती वर ठेवलाय, ताई?"

"दोनवर."

मी लाटणं खाली ठेवलं, हाताचं पीठ झटकलं.

"तीनवर करून बघा," मी म्हणलं.